फेशियल नर्व्ह श्वानोमा : किरणोपचार कधी, किती आणि नंतर काय (नागपूर-विदर्भ)

सातवी नस (धागाकर्ते, न्यूरोसर्जरी, धंतोली)

चेहऱ्याच्या नसेवरची साधी गाठ, म्हणजे फेशियल नर्व्ह श्वानोमा, तशी दुर्मीळच. पण निदान झालं की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "गॅमा नाइफने गाठ जाळून टाकता येईल ना?" गॅमा नाइफ म्हणजे अनेक बारीक किरण गाठीवर एकवटणारं यंत्र. 'जाळणं' हा शब्दच चुकीच्या वाटेला लावतो. इथे काही जाळायचं नसतं.

कानाच्या नसेवरच्या गाठीत, व्हेस्टिब्युलर श्वानोमात, चेहऱ्याची नस शेजारून जाते. तिला बाजूला ठेवून गाठीवर काम करता येतं. फेशियल नर्व्हच्या गाठीत गाठ नसेच्याच आवरणातून उगवते. त्यामुळे पूर्ण गाठ काढायची म्हटलं की बहुतेकदा नसेचा तेवढा तुकडाही जातो. मग कानाखालची, मानेतली ग्रेट ऑरिक्युलर किंवा पोटरीची सुरल नस घेऊन जोड द्यावा लागतो. असा जोड उत्तम जमला तरी चेहरा हाऊस-ब्रॅकमन ग्रेड ३ च्या पुढे सहसा सुधारत नाही (या मापात १ म्हणजे सरळ चेहरा, ६ म्हणजे पूर्ण लकवा). डोळा जोर लावून मिटतो, हसताना वाकडेपणा दिसतो. चेहरा ग्रेड १ किंवा २ चा असेल आणि आपण गाठ 'स्वच्छ' काढली, तर रुग्णाचं आपण नुकसान केलं, मग एमआरआय कितीही सुंदर दिसो.

म्हणून किरणशल्याचं, म्हणजे रेडिओसर्जरीचं, उद्दिष्ट गाठ आहे तिथे थांबवणं आणि नस चालू ठेवणं हेच असतं. काही गाठी पुढच्या वर्षांत आक्रसतात, बऱ्याच तेवढ्याच राहतात. दोन्हींना यशच म्हणायचं. प्रकाशित रुग्ण-मालिकांत गाठ ताब्यात राहण्याचं प्रमाण साधारण ९० टक्क्यांच्या आसपास दिसतं, पण या मालिका लहान आहेत. तोच आकडा व्हेस्टिब्युलरच्या हजारो रुग्णांच्या आकड्याइतक्या भरवशाने सांगू नये.

निदान, डोस, डोळा, व्यायाम यांवर त्या-त्या विषयातल्या मंडळींनी लिहावं ही विनंती. आकड्यांसह लिहा. 'चांगल्या केंद्रात जा' एवढ्याने कोणाचं भागत नाही.

काळं-पांढरं (रेडिओलॉजी)

निदानापासून सुरू करते, कारण बहुतेक गोंधळ तिथेच होतो.

तोंड वाकडं झालं की आपल्याकडे 'हवा लागली' म्हणतात. बेल्स पाल्सी, म्हणजे गाठीशिवाय अचानक येणारा या नसेचा लकवा, बहुतेक वेळा असतेच. पण तिचा एक स्वभाव आहे : सुरुवातीपासून ७२ तासांच्या आत ती पूर्ण जोरात येते आणि मग बऱ्याच जणांत आठवड्यांत सुधारायला लागते. याच्या उलट वागणाऱ्या लकव्याचा फोटो काढलाच पाहिजे. तीन आठवड्यांनंतरही हळूहळू वाढत जाणारा, तीन महिन्यांत काहीच न सुधारलेला, त्याच बाजूला पुन्हा आलेला, अशक्तपणाबरोबर गालाचं फडफडणं असलेला किंवा त्याच कानाने कमी ऐकू येणारा.

आणि फोटो म्हणजे साधा 'ब्रेनचा एमआरआय' नव्हे. ५ मिलिमीटरच्या कापांत ही गाठ सरळ निसटते. विनंतीच्या कागदावर स्पष्ट लिहा : कॉन्ट्रास्टसह, इंटर्नल ऑडिटरी कॅनाल (नस हाडात शिरते ती वाट) आणि टेम्पोरल बोन (कानाभोवतीचं हाड), १ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ काप, जड टी-टूचा थ्रीडी क्रम, फॅट सप्रेशनसह कॉन्ट्रास्टनंतरचा टी-वन, आणि पॅरोटिड ग्रंथीपर्यंतचा (कानापुढची लाळग्रंथी) पूर्ण मार्ग. शेवटचा भाग विसरला जातो. पॅरोटिडमधला कर्करोग नसेला धरून वर सरकतो आणि सुरुवातीला श्वानोमासारखा दिसू शकतो. चेहरा दुखत असेल तर हे आधी मनात आणा. कॉन्ट्रास्टपूर्वी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्तचाचणी) बघून घ्या.

वाचताना एक सापळा. हाडातून जाताना या नसेचे क्रमाने भाग असे : कॅनाल, लॅबिरिंथाइन, जेनिक्युलेट गँगलियन, टिंपॅनिक, मास्टॉइड. जेनिक्युलेट गँगलियन, टिंपॅनिक आणि मास्टॉइड भागात निरोगी नससुद्धा कॉन्ट्रास्टने थोडी उजळते, तिथे भोवती रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. कॅनालमधला आणि लॅबिरिंथाइन भाग मात्र उजळत नाही. तिथे उजळ दिसलं, नस जाड आणि गाठाळ दिसली, तर संशय पक्का. कॅनालमधली गाठ लॅबिरिंथाइन भागात शेपटीसारखी शिरलेली दिसली, तर ती व्हेस्टिब्युलर नसून फेशियलची आहे असं मी रिपोर्टात धीटपणे लिहिते.

सोबत एचआरसीटी (पातळ कापांचा सीटी) टेम्पोरल बोन हवाच. श्वानोमात हाडाची नळी गुळगुळीत कडांनी रुंद होते. कडा खरबरीत, आत मधाच्या पोळ्यासारखं हाड, आणि गाठ एवढीशी पण लकवा मोठा, असं असेल तर जेनिक्युलेटजवळचा रक्तवाहिन्यांचा विकार, ज्याला जुने लोक हेमँजिओमा म्हणतात, तो धरा. त्याची वाट वेगळी.

दोन्ही बाजूंना गाठी असतील, किंवा वय कमी आणि एकाहून जास्त नसांवर गाठी असतील, तर एनएफ-टूचा (अनेक नसांवर गाठी आणणारा जनुकीय आजार) विचार आणि पूर्ण मणक्याचा एमआरआय.

कानाचा पडदा (कान-नाक-घसा)

काळं-पांढरं ताईंच्या पोस्टला एक पुरवणी, आणि ही अगदी कळकळीने. पडद्यामागे गुलाबी-पांढरी गाठ दिसली म्हणून ओपीडीत चिमट्याने तुकडा घेऊ नका. टिंपॅनिक भागातली फेशियलची गाठ नेमकी अशीच दिसते. बायोप्सीत नसेचे तंतू तुटतात आणि आत येताना सरळ असलेला चेहरा बाहेर जाताना वाकडा होतो. आधी सीटी आणि एमआरआय, मगच हात लावायचा की नाही ते ठरवा.

तपासणीच्या दिवशी एवढं नोंदवा : हाऊस-ब्रॅकमन ग्रेड, शांत चेहरा, भुवया वर, डोळे हलके मिटून, डोळे घट्ट मिटून, दात दाखवून, ओठ चंबू करून असा व्हिडिओ, प्युअर टोन ऑडिओमेट्री आणि स्पीच डिस्क्रिमिनेशन (ऐकण्याच्या चाचण्या), स्टेपिडियल रिफ्लेक्स (कानातल्या स्नायूची प्रतिक्रिया), शर्मर चाचणी (अश्रू किती येतात ते). व्हिडिओ फार कामाचा. दोन वर्षांनी 'थोडं वाढलं वाटतं' हे डोळ्यांनी ठरत नाही आणि दोन डॉक्टरांचा ग्रेड २ अनेकदा जुळत नाही.

पीजी दुसरं वर्ष

सर, एक मूलभूत शंका. गाठ लहान, चेहरा ग्रेड १, तर लगेच रेडिओसर्जरी करून मोकळं का होऊ नये? लहान असतानाच थांबवलेली बरी ना?

सातवी नस

कारण ग्रेड १ च्या रुग्णाला आपण आणखी चांगला चेहरा देऊ शकत नाही, फक्त बिघडवू शकतो. किरणांनंतर नसेला तात्पुरती किंवा कायमची इजा होण्याची शक्यता थोडी असली तरी शून्य नसते. आणि यातल्या कित्येक गाठी वर्षानुवर्षं हलत नाहीत. म्हणून चेहरा १ किंवा २, मेंदूच्या देठावर दाब नाही, तर पहिला एमआरआय सहा महिन्यांनी, मग दरवर्षी. तीन प्रसंगी बेत बदलतो : गाठ खरोखर वाढते आहे, चेहरा एक ग्रेडने उतरला, किंवा ऐकणं घसरतं आहे.

ग्रेड ३ च्या आसपास आणि उतरती कळा, ही रेडिओसर्जरीची सर्वात योग्य वेळ. ग्रेड ४ हून वाईट झाल्यावर किरणांनी चेहरा परत येईल अशी आशा दाखवू नका. कधी थोडा सुधारतो, पण त्यावर बेत आखायचा नाही. तिथे शस्त्रक्रिया आणि जोड, किंवा चावण्याच्या स्नायूच्या नसेची जोडणी. पूर्ण लकवा वर्ष-दीड वर्षाहून जुना झाला की स्नायूच सुकत जातात आणि जोडलेल्या नसेला हलवायला काही उरत नाही. त्यामुळे 'अजून थोडं थांबू' हेही तिथे महागात पडतं.

गाठ ३ सेंटिमीटरच्या पुढे असेल किंवा देठ दबला असेल, तर आधी जागा करून देणारी शस्त्रक्रिया, नसेवर गाठीचा थर मुद्दाम ठेवून, आणि मग त्या उरलेल्या थरावर किरण.

काळं-पांढरं

'खरोखर वाढते आहे' हे कसं ठरवायचं तेही सांगून टाकते. १० मिलिमीटरची गोल गाठ ११ ची झाली तर व्यासात फक्त १ मिलिमीटरचा फरक, पण घनफळात ३३ टक्के वाढ. ३ मिलिमीटर जाडीच्या कापांत हा एक मिलिमीटर सापडणारच नाही, किंवा नसताना सापडेल. दर वेळी तेच मशीन, तोच क्रम, तीच जाडी, आणि शक्य असेल तर घनफळ मोजा. रुग्णाला सांगा, फिल्म नको, सीडी किंवा पेनड्राइव्हवर डायकॉम फाइल, म्हणजे स्कॅनची मूळ डिजिटल प्रत, घ्या. फिल्मवरून प्लॅनिंगही होत नाही आणि तुलनाही. आणि तुलना फक्त मागच्या स्कॅनशी नको, अगदी पहिल्या स्कॅनशीही करा. दरवर्षी अर्धा मिलिमीटर वाढणारी गाठ शेजारच्या दोन स्कॅनमध्ये नेहमीच 'स्थिर' दिसते.

कोबाल्ट साठ (वैद्यकीय भौतिकी)

डोसाबद्दल. सलग लिहितो, जरा लांबेल.

गॅमा नाइफच्या पर्फेक्शन आणि आयकॉन या मॉडेलांत कोबाल्ट-६० चे १९२ स्रोत आठ भागांत बसवलेले असतात, प्रत्येक भागात २४. प्रत्येक भागाला ४, ८ किंवा १६ मिलिमीटरचं छिद्र देता येतं किंवा तो भाग बंद करता येतो. एकेक किरण कमजोर, सगळे जिथे मिळतात तिथे डोस. लार्स लेक्सेल यांनी ही कल्पना १९५१ मध्ये मांडली.

फेशियल श्वानोमाला एकाच बैठकीत गाठीच्या कडेला साधारण १२ ते १३ ग्रे (डोसाचं एकक) देतात, बहुधा ५० टक्के आयसोडोसवर, म्हणजे कमाल डोसाच्या निम्म्या रेषेवर. म्हणजे कडेला १२.५ असेल तर गाठीच्या आत एखाद्या बिंदूवर २५ ग्रे. रुग्णाच्या कागदावर दोन्ही आकडे दिसतात आणि लोक घाबरतात. दोन्ही बरोबर असतात. पूर्वी श्वानोमांना १६ ग्रे आणि त्याहून जास्त दिलं जायचं. गाठ थांबायची पण चेहऱ्याचा अशक्तपणा आणि बहिरेपणा जास्त यायचा, म्हणून डोस खाली आला.

अवघड भाग आहे कोक्लिया, म्हणजे ऐकण्याचा शंख. लॅबिरिंथाइन भाग आणि कोक्लियाचं पहिलं वेटोळं यांच्यात हाडाचा पातळ पापुद्रा असतो. ऐकणं चांगलं असेल तर कोक्लियाचा सरासरी डोस ४ ग्रेच्या खाली ठेवायचा प्रयत्न करतो. फेशियलच्या गाठीत हे व्हेस्टिब्युलरपेक्षाही जड जातं, कारण गाठ कोक्लियाला वळसा घालून जाते. मोठे शॉट (एका बिंदूवर दिलेला किरणांचा ठिपका) टाळून ४ मिलिमीटरचे अनेक शॉट नसेच्या रेषेवर मण्यांसारखे ओवायचे आणि कोक्लियाकडून येणारे भाग त्या-त्या शॉटपुरते बंद करायचे. वेळ वाढतो, वाढू द्यावा. मेंदूच्या देठाचा कमाल डोस १२.५ ग्रेच्या आत. नुसता 'कव्हरेज ९८ टक्के' लिहून प्लॅन चांगला ठरत नाही. पॅडिक निर्देशांक (डोस गाठीच्या आकाराशी किती जुळतो) आणि ग्रेडियंट निर्देशांक (गाठीबाहेर डोस किती झपाट्याने उतरतो) बघा. ग्रेडियंट ३ च्या खाली हवा.

वेळेचं गणित. कोबाल्टचा अर्धायुष्यकाळ ५.२७ वर्षं. नव्या स्रोतांवर ४० मिनिटं लागणारा प्लॅन तेवढ्या वर्षांनी ८० मिनिटं घेतो. डोस तोच, पडून राहायचा काळ दुप्पट. म्हणून केंद्राला 'स्रोत कधी बदलले' हे विचारायला संकोच करू नका.

पीजी दुसरं वर्ष

सर, विदर्भातल्या सगळ्यांना गॅमा नाइफसाठी मुंबई-दिल्ली जमत नाही. लिनॅकवर (एक्स-रे किरण देणारं नेहमीचं किरणोपचार यंत्र) किंवा सायबरनाइफवर (रोबोच्या हातावरचं तसंच यंत्र) केलं तर चालतं का? आणि मग एक बैठक की पाच?

कोबाल्ट साठ

चालतं, पण अटींवर. मशीनचं नाव दुय्यम, मिलिमीटर मुख्य.

५ मिलिमीटर जाडीची आणि १० मिलिमीटर लांबीची नळीसारखी गाठ घ्या. घनफळ सुमारे ०.२ घन सेंटिमीटर. तिच्याभोवती चारी बाजूंनी १ मिलिमीटर सुरक्षिततेचा काठ दिला की ०.४६ होतं, दुपटीहून जास्त. हा जादाचा सगळा भाग म्हणजे कोक्लिया, हाड आणि निरोगी ऊती. डोक्याला पिनांनी फ्रेम लावलेल्या गॅमा नाइफवर सहसा काठ देत नाहीत, लिनॅकवर बहुधा द्यावा लागतो. म्हणून लिनॅकवर करायचं असेल तर तिथल्या भौतिकतज्ज्ञांना हे विचारा : किरणाला आकार देणाऱ्या मल्टिलीफची पट्टी २.५ मिलिमीटरची आहे की ५ ची? त्या दिवशी विन्स्टन-लुट्झ चाचणी (किरण नेमक्या बिंदूवर येतो का ते) १ मिलिमीटरच्या आत आली का? टेबल सहा दिशांत दुरुस्त होतं का? प्रत्येक टेबल-कोनाला पुन्हा प्रतिमा घेता का?

लहान क्षेत्राच्या मोजमापाचा घोळ वेगळाच. १० मिलिमीटरच्या किरणात मोठं आयन चेंबर (डोस मोजायचं उपकरण) ठेवलं तर ते मधला आणि कडेचा डोस मिसळून सरासरी सांगतं, आउटपुट फॅक्टर (त्या आकाराच्या किरणाची ताकद) खरा असतो त्यापेक्षा कमी दिसतो, आणि भरपाई म्हणून मशीन जास्त मॉनिटर युनिट देतं, म्हणजे किरण जास्त सोडतं. रुग्णाला ठरवलेल्यापेक्षा जास्त डोस जातो आणि कागदावर सगळं ठीक दिसतं. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचा टीआरएस-४८३ हा दस्तऐवज २०१७ पासून यासाठीच आहे. हिऱ्याचा डिटेक्टर किंवा स्टिरिओटॅक्टिक डायोड आणि फिल्म, किमान दोन पद्धतींनी पडताळा करा.

मास्टॉइड हवेने भरलेलं हाड आहे. डोसाचा हिशेब करणारी पेन्सिल बीम गणितपद्धती तिथे चुकते. माँटे कार्लो किंवा त्या तोडीची पद्धत, १ मिलिमीटरची ग्रिड. गॅमा नाइफवालेही यातून सुटलेले नाहीत, त्यांची टीएमआर-१० पद्धत डोक्याला पाणी समजून हिशेब करते. मास्टॉइड भागातल्या गाठीचा डोस कन्व्होल्यूशनने (हवा आणि हाड हिशेबात धरणारी पद्धत) पुन्हा काढून फरक बघावा.

एक की पाच? आल्फा-बीटा (ऊती बैठकीच्या आकाराला किती संवेदनशील, त्याचं माप) २ धरलं तर १२.५ ग्रे एकदाच म्हणजे जैविक डोस साधारण ९१. २५ ग्रे पाच बैठकांत म्हणजे ८७.५. १८ ग्रे तीन बैठकांत म्हणजे ७२. तीन बैठकांचा डोस कागदावर हलका दिसतो, तरी तो वापरात आहे. एवढ्या मोठ्या बैठकींना हे सूत्र नीट लागू पडतं का यावर वाद आहे, म्हणून यावरून निर्णय घेऊ नका, फक्त अंदाज घ्या. लहान गाठ आणि स्पष्ट कडा असेल तर एक बैठक. गाठ मोठी, देठाला चिकटलेली, किंवा ऐकणं चांगलं आणि कोक्लिया वाचत नाही, तर पाच.

सातवी नस

कोबाल्ट भाऊंशी एका ठिकाणी माझा मतभेद आहे. कोक्लिया वाचत नाही म्हणून पाच बैठका, हे मला एवढं सरळ वाटत नाही. बैठका वाढवल्याने फेशियलच्या गाठीत ऐकणं जास्त टिकतं, हे या दुर्मीळ गाठीत ठामपणे दाखवणारा पुरावा माझ्या नजरेत नाही. पाच दिवस पाच वेळा मास्क (पिनांच्या फ्रेमऐवजी चेहऱ्यावरचा साचा), म्हणजे जागा चुकायची पाच वेळची शक्यता. लॅबिरिंथाइन भागात मी फ्रेम आणि एक बैठक यालाच झुकतं माप देईन.

कोबाल्ट साठ

मान्य, पुरावा पातळ आहे. पण मास्कमध्ये रोज यंत्रावरच कोन-बीम सीटी होतो, आयकॉनवर नाकावरच्या खुणेवरून इन्फ्रारेड कॅमेरा हालचाल पकडतो आणि मर्यादा ओलांडली की किरण थांबतात. चूक पाच वेळा होऊ शकते, तशी पाच वेळा दुरुस्तही होते. ऐकू येणारा तोच एक कान असेल तर मी अजूनही पाचकडेच जाईन.

कानाचा पडदा

त्या एकाच कानाच्या रुग्णात तिसरा पर्यायही मांडा : नसेभोवतीचं हाड मोकळं करणं. गाठीला हात लावायचा नाही, फक्त नळी उघडायची. गाठीला फुगायला जागा मिळते आणि नसेवरचा दाब उतरतो. वाढ थांबत नाही, वेळ मात्र मिळतो. लॅबिरिंथाइन भागाचं तोंड १ मिलिमीटरहूनही अरुंद. तिथे किरणांनंतरची सूज म्हणजे नस आवळली जाणं.

सातवी नस

त्या सुजेबद्दल वेगळी पोस्ट लिहितो, कारण धाग्यातली सर्वात महत्त्वाची गोष्ट मला हीच वाटते.

किरणांनंतर साधारण ६ ते १८ महिन्यांत गाठ थोडी फुगते आणि मधोमध काळी पडते, म्हणजे कॉन्ट्रास्ट घेणं कमी होतं. रिपोर्टात 'इन्क्रीज इन साइझ' येतं. घरात रडारड होते, दुसरा सर्जन म्हणतो 'फेल गेलं, उघडू या'. बऱ्याच वेळा हे अपयश नसतं, किरणांचा परिणाम असतो, आणि पुढच्या स्कॅनपर्यंत ती सूज बसायला लागते. ज्याने या काळात घाईने गाठ काढली, त्याने वाचू शकणारी नस गमावली. किरण दिलेली गाठ नसेला जास्त चिकटलेली असते, तिथली शस्त्रक्रिया आधीपेक्षा अवघडच.

मग वाढ खरी कधी? लागोपाठच्या स्कॅनमध्ये, दोन-तीन वर्षांनंतरही, वाढतच राहिली तर. किंवा देठावर दाब येऊन लक्षणं दिसली तर, तेव्हा मात्र वाट बघायची नाही.

याच काळात चेहरा एखाद्या ग्रेडने उतरला तर स्टेरॉइडचा छोटा, उतरत जाणारा कोर्स, साखर आणि रक्तदाबावर लक्ष ठेवून. मधुमेह असेल तर आधीच फिजिशियनला सोबत घ्या. तोंड वाकडं झालं म्हणून गल्लीतल्या दुकानातून स्टेरॉइड आणून महिनाभर खाणं, हे मात्र कुणीही करू नका. एमआरआयचं वेळापत्रक : ६ महिने, १२ महिने, मग दरवर्षी किमान पाच वर्षं, नंतर अंतर वाढवत. साध्या गाठीचं किरणांमुळे कर्करोगात रूपांतर होणं फार दुर्मीळ आहे, पण रुग्णाला ते सांगायचं असतं. लहान वयात आणि एनएफ-टूमध्ये तर नक्कीच.

कोबाल्ट साठ

फ्रेमच्या दिवसाच्या दोन गोष्टी, इथेच प्लॅन बिघडतात. टेम्पोरल बोन खाली असतं. फ्रेम नेहमीच्या उंचीवर लावली तर मास्टॉइड भाग काठावर जातो आणि तिथे स्कॅनची विकृतीही जास्त. फ्रेम खाली आणि गाठीच्या बाजूला सरकवून लावा. दुसरं, एमआरआय हवा-हाडाच्या सीमेवर वाकतो. दातांच्या धातूच्या टोप्या आणि तारा त्यात भर घालतात. त्यामुळे त्याच दिवशी १ मिलिमीटरचा सीटी काढून कोक्लिया आणि कॅनालच्या कडा दोन्हींत जुळतात का ते बघा. जुळल्या नाहीत तर एमआरआयवर आखलेली रेषा म्हणजे चुकीच्या जागी दिलेला डोस.

चार पिनांच्या जागी भूल देतात, तेव्हा टोचतं, नंतर दाब जाणवतो. केस काढावे लागत नाहीत. बहुतेक रुग्ण त्याच किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातात.

पापणी (नेत्रविभाग)

नसेवर एवढं छान चाललंय, आता डोळ्याचं ऐका. दृष्टी जाते ती गाठीमुळे नव्हे, उघड्या बुबुळामुळे. आणि नागपूरच्या उन्हाळ्यात ते फार वेगाने होतं.

एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो, हवा कोरडी, आणि घराघरात कूलर. डोळा पूर्ण न मिटणारा माणूस कूलरच्या झोतासमोर झोपला की सकाळपर्यंत बुबुळाचा खालचा भाग सुकून खरवडतो. कूलर पायांकडे, झोत भिंतीकडे, चेहऱ्यावर थेट नाही. दुचाकीवर आपल्याकडे तोंडाला स्कार्फ गुंडाळतात, तो कापडाचा काठ उघड्या डोळ्याला घासतो आणि संवेदना कमी असेल तर कळतही नाही. स्कार्फ डोळ्याखाली बांधा, वर बाजूंनी बंद असलेला गॉगल.

दिवसा कार्बॉक्सिमिथिलसेल्युलोज ०.५ टक्के, दर दोन तासांनी, उन्हाळ्यात दर तासाला. इतक्या वेळा टाकायचे तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले. रात्री मलम, मग पापणी हाताने नीट मिटवून वर चिकटपट्टी आडवी. पापणी अर्धी उघडी राहिली आणि पट्टी बुबुळावर चिकटली तर पट्टीनेच जखम होते. नुसता कापसाचा पॅड ठेवून वर पट्टी लावू नका, आत डोळा उघडतो.

जेनिक्युलेटजवळच्या गाठीत अश्रूंची नसही तिथूनच फुटते. म्हणजे डोळा मिटत नाही आणि ओलाही होत नाही. डोळा मिटताना बुबुळ वर जातं का, कापसाच्या टोकाने संवेदना आहे का, शर्मर किती, हे तिन्ही बघा. दोन गोष्टी बिघडलेल्या असतील तर थेंबांवर विसंबू नका. वरच्या पापणीत सोन्याचं किंवा प्लॅटिनमचं वजन, बहुधा ०.८ ते १.४ ग्रॅममधलं, आधी बाहेरून चिकटवून बसलेल्या स्थितीत मोजून ठरवतात. नस परत आली तर ते काढता येतं. लाली, दुखणं, उजेड सहन न होणं, बुबुळावर पांढरा ठिपका : त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे. नागपुरात मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), मेयो, एम्स, जे रुग्णालय जवळ असेल तिथे. सोमवारची वाट बघू नका.

आरशासमोर (फिजिओथेरपी)

फुगा फुगवणं, जोरात गाल फुगवणं, च्युइंग गम तासन्‌तास, हे सगळीकडे सांगितलं जातं, आणि अर्धवट चालणाऱ्या नसेला नेमकं हेच नको. सगळे स्नायू एकत्र जोराने ओढायची सवय लागते. मग ओठ हलवला की डोळा मिटतो, म्हणजे सिंकायनेसिस. आरशासमोर एका वेळी एकच हालचाल, हळू, अर्ध्या जोराने, ५ ते १० वेळा, दिवसातून दोन-तीनदा. ओठाचा कोपरा वर नेताना डोळा बारीक होऊ लागला की तिथेच थांबायचं. त्या मर्यादेच्या आत सराव. गालाला आतून अंगठा आणि बाहेरून बोटं धरून मालिश.

विजेचे झटके देणाऱ्या मशीनचा इथे ठोस फायदा दिसलेला नाही, आणि गाठीच्या रुग्णाला ते 'उपचार' म्हणून महिनोन्‌महिने देत राहिलं की निदानच लांबतं. सहा आठवडे झटके देऊनही चेहरा उतरतोय, तर आम्ही फिजिओंनीच 'एमआरआय करा' असं लिहून दिलं पाहिजे. सिंकायनेसिस पक्का झाला असेल तर बोटुलिनमची इंजेक्शनं आणि त्यासोबत पुन्हा शिकवणं.

पीजी दुसरं वर्ष

शेवटची व्यवहाराची शंका. नागपूरहून बाहेर पाठवताना रुग्णासोबत काय-काय द्यायचं? निम्मे लोक तिथून अपुरे कागद म्हणून परत येतात.

सातवी नस

गॅमा नाइफ मुंबईत हिंदुजाला, दिल्लीत एम्सला, चंडीगडला पीजीआयला, बेंगळुरूला निमहान्सला. विदर्भ एक्सप्रेसचं तिकीट काढायच्या आधी डायकॉम फाइल आणि एक पानाचं पत्र तिथल्या विभागाला पाठवा आणि ते केस घेतात का हे विचारून घ्या. पत्रात : पहिल्या आणि ताज्या दोन्ही एमआरआयच्या तारखा आणि घनफळ, एचआरसीटी, दोन्ही वेळचा चेहऱ्याचा ग्रेड, ऑडिओग्राम तीन महिन्यांच्या आतला, क्रिएटिनिन, रक्त पातळ करणारी औषधं, पेसमेकर किंवा कोक्लियर इम्प्लांट आहे का, बाई गरोदर नाही याची खात्री. आधी कुठे किरण दिले असतील तर त्याचा प्लॅन आणि डोस. योजनेतून खर्च व्हायचा असेल तर मंजुरी आधी, प्रवास नंतर.

चेहऱ्याचा व्हिडिओ फोनमध्ये, आणि त्याची प्रत घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी फोनमध्ये. परत आल्यावर उपचाराचा सारांश हातात आहे ना ते बघा : कडेचा डोस, आयसोडोस, गाठीचं घनफळ, कोक्लिया आणि देठाचा डोस. सहा महिन्यांनी गाठ फुगलेली दिसेल तेव्हा इथला डॉक्टर हाच कागद मागणार आहे.

कानाचा पडदा

त्यावर केंद्रातल्या विभागाचा फोन नंबरही लिहून घ्या. फुगलेली गाठ बघून इथे कुणी सुरी उचलायच्या आधी तो फोन झाला पाहिजे.